जादुविद्येची शाळा : संकेत आणि स्वतंत्रता

जादुविद्या शिकविणाऱ्या शाळेची कथा लिहू पाहणाऱ्या लेखकावर अनुकरणाचा आरोप जवळजवळ अटळ मानला जातो. जे. के. रोलिंग यांची ‘हॅरी पॉटर अँड द फिलॉसॉफर्स स्टोन’ ही कादंबरी १९९७ साली प्रसिद्ध झाली आणि पुढे अशी शाळा ही जणू एकाच लेखिकेची मिळकत ठरली. या कल्पनेचा इतिहास तपासला, तर मालकीची ही भाषा टिकत नाही.

योन आर्नासन यांनी १८६२ ते १८६४ या काळात प्रसिद्ध केलेल्या आइसलँडमधील लोककथांच्या संग्रहात ‘काळी शाळा’ आढळते. तेथे खिडकी नाही, दिवा नाही. ग्रंथांची अक्षरेच अग्नीची आहेत. शिक्षण संपल्यावर सर्वांत शेवटी बाहेर पडणारा विद्यार्थी सैतानाचा होतो. एमिली जेरार्ड यांनी १८८५ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियातील ‘शोलोमान्स’विषयी लिहिले, तेथेही सैतान शुल्क म्हणून एक शिष्य ठेवून घेतो. ज्ञानाचे मोल द्यावे लागते, हे या कथांचे मूळ आशयसूत्र होय.

दुसरा प्रवाह वास्तववादी शालेय कादंबरीचा. टॉमस ह्यूझ यांच्या ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ने (१८५७) नवागत विद्यार्थी, त्याचे मित्र, दांडगाई करणारा वरच्या वर्गातील मुलगा, खेळाचे मैदान आणि आदरणीय मुख्याध्यापक हे संकेत रूढ केले. हॉगवर्ट्‌सचा दैनंदिन व्यवहार बव्हंशी याच परंपरेतून आला आहे. त्याला रहस्यकथेचे संविधानक आणि वर्षागणिक वाढत जाणारे वय यांची जोड देणे, हे रोलिंग यांचे वेगळेपण.

रोलिंग यांच्यापूर्वीच हे दोन प्रवाह एकत्र आले होते; पण प्रत्येक वेळी निराळ्या प्रश्नासाठी. अर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’मध्ये (१९६८) रोक बेटावरील गेड अहंकारापोटी मृतात्म्याला पाचारण करतो. त्यातून मोकळी झालेली छाया त्याच्या पाठीस लागते आणि ते द्वार बंद करताना वृद्ध महागुरूचा प्राण जातो. येथे मोल शिष्याच्या चुकीसाठी गुरू देतो. जिल मर्फी यांच्या ‘द वर्स्ट विच’मध्ये (१९७४) धांदरट विद्यार्थिनीच्या फजितीतून विनोद निर्माण होतो. डायना विन जोन्स यांनी ‘विच वीक’मध्ये (१९८२) संकेतच उलटा केला. तेथे जादू हा मृत्युदंडाचा अपराध आहे. त्यामुळे निवासी शाळा ही विद्येची नव्हे, तर संशयाची जागा बनते.

न्यायालयानेही कल्पना आणि तिचा आविष्कार यांतील भेद मान्य केला आहे. एड्रियन जेकब्ज यांच्या ‘विली द विझर्ड’ (१९८७) या पुस्तकावरून रोलिंग यांनी मजकूर उचलल्याचा दावा न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला. परंतु कायद्याने निर्दोष ठरलेली कृती वाङ्मयदृष्ट्या स्वतंत्र असतेच असे नाही. वसतिगृहांची नावे बदलून, खेळाचे नियम फिरवून तीच शाळा पुन्हा उभारणाऱ्याला न्यायालय अडवणार नाही. वाचक मात्र त्याला ओळखेल.

नाओमी नोविक यांची ‘अ डेडली एज्युकेशन’ (२०२०) या संदर्भात उद्‌बोधक आहे. त्यांनी शोलोमान्सचे जुने नावही लपविले नाही. त्यांच्या शाळेत शिक्षक नाहीत, राक्षसी जीव विद्यार्थ्यांना गिळतात आणि सुरक्षितता प्रतिष्ठित घराण्यांच्या मुलांच्या वाट्याला अधिक येते. सैतान घेत असलेला एक बळी आता सामाजिक विषमतेनुसार वाटला जातो. उसनी सामग्री उघडपणे स्वीकारूनही कृती स्वतंत्र राहते, कारण जुन्या कराराला विचारलेला प्रश्न नवा आहे.

सारांश, या कथाप्रकारात स्वातंत्र्य शाळेच्या रचनेत शोधणे व्यर्थ होय. विद्येचे मोल कोणते आणि ते कोणी चुकवायचे, या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर ज्या लेखकापाशी आहे, त्याला मनोरे, झाडू आणि मंत्रपोथ्या निःसंकोच वापरता येतात. ज्याच्यापाशी ते नाही, त्याची सर्वस्वी नवी शाळादेखील जुनीच वाटत राहते.