पाटाचे पाणी आणि श्रीगोंद्याचा माळ

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातला श्रीगोंदा तालुका पर्जन्यछायेत येतो. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. त्यामुळे इथल्या उथळ, मुरमाड जमिनीवर ज्वारी-बाजरीची शेते, पडीक आणि कुसळी गवताची गायराने असाच पसारा असे. माळढोक, काळवीट, लांडगा आणि खोकड हे या माळाचे जुने रहिवासी. घोड धरणाचे आणि पुढे कुकडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आले, तशी जिरायत बागायत होत गेली. पाठोपाठ ऊस आला, कारखाने आले आणि माळाचे तुकडे पडले.

माळढोकाला हा बदल झेपला नाही. ज्याचा नर 15 किलोपर्यंत भरतो असा हा पक्षी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो. ते कुत्र्याने खाल्ले की वीण वाया गेलीच. उडताना त्याला समोरचे नीट दिसत नाही, वजनामुळे चटकन वळता येत नाही, आणि मग तो विजेच्या तारांवर आदळतो. काळवीट मात्र पिकांत चरून तगले. त्याची किंमत शेतकरी मोजतो. बिबट्या तर उसामुळेच इथे आला. फडात त्याला आडोसा मिळतो, वस्तीवर कुत्री-शेळ्या मिळतात आणि मादी उसातच विते. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले. हा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला.

सरकारने 1979 मध्ये सोलापूर व नगर जिल्ह्यांतील 8,496 चौरस किलोमीटर क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून जाहीर केले. श्रीगोंदाही त्यात होता. पण त्यातली बहुतेक जमीन खासगी होती. खरेदी-विक्रीवर बंधने आली आणि लोकांचा राग पक्ष्यावर निघाला. अभयारण्य पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. वनखात्यानेही माळाला ओसाड समजून कित्येक ठिकाणी ग्लिरिसिडिया लावला. झाडे लावण्याचा हा उत्साह माळढोकाच्या मुळावरच आला, कारण त्याला मोकळे, लांबवर दिसणारे गवत लागते.

शेजारच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीचे 2.17 चौरस किलोमीटरचे अभयारण्य 1980 पासून काळविटांना पुरले, कारण ते बाहेरच्या शेतांतही चरतात. माळढोकाला एवढ्यावर भागत नाही. देशभरातील माळांवर आता 150 हूनही कमी माळढोक उरले आहेत आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत.