प्रतीक्षालय, मुसाफिरखाना आणि मसूरचा फलाट

कळमनुरी हे तालुक्याचे ठिकाण लोहमार्गावर वसलेले नाही. निजामाच्या राज्यात १९१२ साली पूर्णा-हिंगोली हा मीटर गेज मार्ग सुरू झाला. तथापि कळमनुरीकरास गाडी धरावयाची तर हिंगोली किंवा नांदेड गाठावे लागे, आणि आजही लागते. गाडी चुकू नये म्हणून लवकर निघावयाचे आणि स्थानकात तिष्ठत बसावयाचे, हा अशा गावच्या प्रवासाचा नेहमीचाच भाग होय.

या तिष्ठण्याच्या जागेला मराठीत एक नाव नाही. ‘मुसाफिरखाना’ या शब्दातील ‘मुसाफिर’ अरबी, तर ‘खाना’ फारसी. त्यात निवाऱ्याची कल्पना प्रधान आहे. ‘प्रतीक्षालय’ हा संस्कृत घडणीचा शब्द फलकावर स्थिरावला, बोलण्यात मात्र ‘वेटिंग रूम’च राहिली. मराठी मनुष्य ‘प्रतीक्षा’ क्वचितच करतो. तो वाट पाहतो. ‘तिष्ठणे’ या क्रियापदाचे मूळ तर ‘उभे राहणे’ या अर्थाच्या संस्कृत धातूत आहे. बसावयास जागा मिळेल असे आश्वासन त्या शब्दात नाही.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. इंग्रजी अमदानीतील स्थानकांत वरच्या वर्गांसाठी स्वतंत्र खोल्या असत, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंच्या वाट्याला सामान्यतः उघडा मंडप किंवा फलाट येई. त्या वर्गाच्या हालांविषयी गांधीजींनी १९१७ साली एक स्वतंत्र लेखच लिहिला. ‘तिसरा वर्ग’ हे नाव रेल्वेतून गेले ते १९७४ साली.

अलीकडे जुन्या स्थानकांच्या जीर्णोद्धाराकडे लक्ष वळले आहे, ही समाधानाची गोष्ट होय. बोरीबंदर-ठाणे मार्गावर १८५३ साली पहिली गाडी धावली, त्या मार्गावरील भायखळ्याच्या स्थानकाचे जुने रूप पुन्हा उजळून ते २०२२ साली लोकांसमोर आले, आणि त्याच वर्षी त्यास युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा-संवर्धन पुरस्कारही लाभला. दगड, लाकूड व लोखंड यांचे मूळ रूप जाणकार कारागीर परत आणू शकतात. त्या छताखाली कोणास बसू दिले जाई आणि कोणास नाही, हे मात्र भिंती सांगत नाहीत. ते लिखितातच शोधावे लागते.

दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग येथे हे लिखित आणि ती वास्तू एकत्र आली आहेत. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाच्या डब्यातून उतरविले गेलेले गांधीजी तेथील प्रतीक्षालयात थंडीत कुडकुडत बसले होते. त्यांचा ओव्हरकोट सामानात होता. पुन्हा अपमान होईल या भीतीने त्यांनी तो मागितला नाही. ती खोली आज त्या प्रसंगाच्या स्मरणार्थ दाखविली जाते.

महाराष्ट्रातील तशी जागा म्हणजे सातारा जिल्ह्यातील मसूरचे स्थानक. सुमारे १९०१ साली भीमराव आंबेडकर, त्यांचे वडील बंधू आणि दोन भाचे अशी चार मुले गोरेगावी वडिलांकडे निघाली असता येथे उतरली. पत्र वेळेवर न पोचल्याने न्यावयास कोणी आले नव्हते. इतर उतारू निघून गेले. मुलांच्या नीटनेटक्या पोशाखावरून स्टेशनमास्तरास ती ब्राह्मणांची वाटली, म्हणून त्याने आस्थेने विचारपूस केली. ‘आम्ही महार आहोत’ हे उत्तर ऐकताच त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. मुले होती तेथेच उभी राहिली. सूर्य मावळतीस आला होता. खोली होती, ती स्टेशनमास्तराची. मुलांना कोठे बसा असे कोणी म्हटले नाही.

आंबेडकरांनी ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी टिपणात लिहून ठेवली. ते टिपण त्यांच्या पश्चात १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाले. गाडीवान विटाळाच्या भयाने मुलांना घेईनात. अखेरीस दुप्पट भाडे ठरले. बैल मुलांनीच हाकावयाचे आणि गाडीवानाने बाजूने पायी चालावयाचे, अशा बोलीवर एक बैलगाडी मसूरहून निघाली.