सोडा तुळई!

1731 चा उन्हाळा. पुण्यात थोरल्या बाजीरावांचा शनिवारवाडा अजून अर्धाच उभा आहे. चिंचवडच्या खाणींतला दगड येऊन पडलाय, जेजुरीच्या भट्ट्यांतला चुनाही. जुन्नरच्या जंगलातल्या सागावर करवती चालल्यात आणि तुमचे पाय घोटाभर भुशात रुतलेत.

"या, पावणं, असं जवळ या," थोरला सुतार हाक मारतो. "लांबून काय दिसणार?"

दगडी तळखड्यावर खांब ओळंब्यात उभा आहे. त्याच्या माथ्याचं लाकूड वाकसानं नि पटाशीनं उतरवून मधोमध चौकोनी कुसू राखलंय. हात लावून बघा. बघणारे कौतुक करतात ते कुसाचं. पण त्याचं काम एवढंच, की तुळई जागची सरकू नये. भार येणार तो कुसाभोवतीच्या सपाट जागेवर. खरी कारागिरी तिथं आहे. ती जागा गुण्याला चुकली, की सगळं ओझं एका कडेवर येतं आणि खांब चिरतो.

आधी खांबावर हस्त चढतो. दोन्हीकडं पसरलेलं हे आडवं लाकूड तुळईला जास्त लांबीचा आधार देतं. मग दोर ताणले जातात, तुळई वर येते. तिच्या पोटातलं साल, म्हणजे कुसासाठी कोरलेली खाच, कुसाच्या नेमकं वर येऊन थांबतं.

"डावीकडं... अजून थोडं... सोडा!"

मोगरीचा ठोका बसतो. दुसरा. आवाज पोकळ होता, तो भरीव होतो. सुतार मान डोलावतो.

तुमची नजर खिळा शोधते. या सांध्यात खिळा नाहीच. लाकूड पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. तेवढी हालचाल सांधा सोसतो. वर हारीनं कड्या येतील, कड्यांवर पाट, पाटांवर मातीचा जाड थर. जमिनीचं हे वजनच तुळईला खाली दाबून धरणार आहे.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत होईल. 27 फेब्रुवारी 1828 ला आग लागेल, सात दिवस धुमसेल आणि आतले हे मजले खाऊन टाकेल. सांगावंसं वाटतं, पण सुतार पुढच्या खांबाशी पोहोचलाय, दोराचं एक टोक तुमच्याकडं फेकतोय.

"धरा, पावणं. घट्ट धरा. ही तुळई जड आहे."