चंद्रपूरचा उन्हाळा आणि संगणकातले पाणी

१/ चंद्रपूर-गडचिरोलीतील अनेक तरुण आता आपला संगणक स्वतःच्या हाताने जोडतात. त्यांतील काहींना पुढची पायरी खुणावते : पाण्याने थंड होणारा संगणक. पंप, रेडिएटर, नळ्या, फिटिंग असे सुटे भाग निवडताना आधार असतो तो परदेशी चित्रफितींचा, आणि त्या २२ अंशांच्या खोल्यांत तयार झालेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. मग तो सल्ला इथे कितपत लागू पडेल? या भागांचा इतिहास पाहिला, की उत्तर सापडते. 🧵

२/ आरंभ न्यूटनपासून करावा लागतो. १७०१ मध्ये त्याने तप्त वस्तूच्या थंड होण्याविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचे सार असे : वस्तू व भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक अधिक, तितक्या वेगाने उष्णता बाहेर पडते. फरक निम्मा झाला, तर उष्णता सोडण्याचा वेगही साधारण निम्मा होतो. रेडिएटरच्या निवडीतील सर्वांत महत्त्वाचे गणित याच एका वाक्यात आहे.

३/ ते गणित करून पाहू. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मिळून ५०० वॅट उष्णता निर्माण करतात आणि पाणी ५० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे धरा. खोली २५ अंशांची असेल तर फरक २५ चा मिळतो. ४० अंशांची असेल तर केवळ १० चा. म्हणजे तितकीच उष्णता बाहेर टाकण्यासाठी चंद्रपूरच्या खोलीत अडीचपट रेडिएटर हवा. जिथे १२० मिलिमीटरच्या दोन पंख्यांचा रेडिएटर पुरला असता, तिथे पाच पंख्यांएवढी जागा राखावी लागते. म्हणून पहिला खर्च रेडिएटरवर करावा आणि कॅबिनेटही त्याच्या मापाने निवडावे.

४/ पाण्याने उष्णता वाहून नेण्याची कला चंद्रपूरला नवी नाही. जेम्स वॅटने १७६९ मध्ये स्वतंत्र कंडेन्सरचे पेटंट घेतले. वाफेच्या यंत्रातील वापरलेली वाफ वेगळ्या पात्रात थंड करायची, ही त्यामागील कल्पना. १९८३ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला, तेव्हा तेच तत्त्व अवाढव्य आकारात ऊर्जानगरात अवतरले. कोळशातील उष्णतेपैकी एक तृतीयांशाहून थोडा अधिक भागच वीज होतो. उरलेल्या उष्णतेचा मोठा हिस्सा पाण्याला वाहून न्यावा लागतो.

५/ हे पाणी इरई धरणातून येते. शीतलन मनोऱ्यांत त्यातील काही भाग वाफ होऊन उडून जातो आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता सोबत नेतो. वाळ्याच्या टट्ट्यांवर पाणी शिंपडून घर थंड ठेवणारे आपले पूर्वज हेच करीत होते, आणि आजचा कूलरही हेच करतो. या पद्धतीत पाणी भोवतालच्या हवेहूनही थंड होऊ शकते. मात्र त्याची किंमत पाण्यातच मोजावी लागते. २०१० च्या उन्हाळ्यात धरणातील साठा आटला आणि केंद्राचे संच बंद ठेवण्याची वेळ आली.

६/ संगणकातील लूप हे त्याच्या उलट, बंद चक्र आहे. तेच पाणी पुन्हापुन्हा फिरते, थेंबही उडत नाही. परंतु म्हणूनच ते खोलीतील हवेपेक्षा थंड कधीही होऊ शकत नाही. ‘पाणी लावले की संगणक गारेगार’ ही समजूत इथेच चुकते. याची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. पाणी हवेपेक्षा उष्णच राहत असल्याने नळ्यांवर दव साचत नाही. खोलीत कूलर चालू असला तरी ती भीती बाळगण्याचे कारण नाही.

७/ अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट : पाण्याने थंड होणारी मोठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा चंद्रपूर जिल्ह्यात जवळपास तीन दशकांपासून आहे. भद्रावती येथे १९९७-९८ मध्ये पश्चिम व दक्षिण विभागांची वीजजाळी जोडणारे केंद्र उभे राहिले. १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही ७५२ किलोमीटरची, १५०० मेगावॅटची एकदिश विद्युतवाहिनी कार्यान्वित झाली. दोन्हींचा गाभा म्हणजे थायरिस्टर, अर्थात सिलिकॉनचे प्रचंड स्विच. त्या पिढीच्या थायरिस्टरांना थंड ठेवण्याची रूढ पद्धत म्हणजे आयनविरहित पाण्याचे बंद चक्र.

८/ आयनविरहितच का? शुद्ध पाणी विजेचे अत्यंत मंद वाहक असते. विरघळलेले क्षार त्याला वाहक बनवतात. कूलरच्या जाळीवर दरवर्षी जमणारा पांढरा थर आपण सर्वांनी खरवडला आहे. तो थर वॉटर ब्लॉकच्या केसाएवढ्या बारीक खाचांत बसला, तर पाण्याचा मार्गच बुजतो. म्हणून लूपमध्ये नळाचे वा बोअरचे पाणी कदापि घालू नये. ऊर्ध्वपातित किंवा आयनविरहित पाणी आणि गंज व शेवाळ रोखणारे द्रव्य, किंवा तयार कूलंट, एवढेच पर्याय आहेत.

९/ आता संगणकाकडे वळू. आयबीएमचे ‘सिस्टीम ३६० मॉडेल ९१’ हे महाकाय यंत्र १९६७ मध्ये ग्राहकांपर्यंत पोहोचले. त्याची उष्णता वाहून नेण्यास पाण्याची योजना होती. १९८० मध्ये जाहीर झालेल्या ३०८१ यंत्रात चिपांवर धातूचे छोटे दट्टे टेकवून, त्यांवरच्या थंड पट्टीतून पाणी फिरवले गेले. चिपला पाण्याचा स्पर्श नाही, मधल्या धातूतून मात्र उष्णता पाण्यात जाते : आजच्या वॉटर ब्लॉकचा हा थेट पूर्वज होय.

१०/ पुढे १९९० च्या दशकात कमी वीज खाणाऱ्या सीमॉस चिपा मोठ्या यंत्रांतही आल्या आणि पाण्याची गरज मागे पडली. पंख्यांनी काम भागू लागले. परंतु चिपा दाट होत गेल्या, उष्णता पुन्हा वाढली आणि २००८ च्या सुमारास आयबीएमने मोठ्या यंत्रांत पाणी परत आणले. महाराष्ट्रातही हा प्रवाह पोहोचला. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये बसवलेल्या ‘परम ब्रह्म’ महासंगणकात थेट संपर्क द्रवशीतनाची पद्धत वापरली आहे.

११/ घरगुती छंदिष्टांची कथा याहून रंजक आहे. २००० च्या आसपास तयार भाग दुर्मीळ होते. तेव्हा लोक जुन्या मोटारीतील हीटरचा छोटा रेडिएटर, मत्स्यपेटीचा पंप आणि हाताने कोरलेला तांब्याचा ब्लॉक जोडून लूप तयार करीत. मधमाशांच्या पोळ्यासारख्या रचनेचा मोटारीचा रेडिएटर विल्हेल्म मायबाखने १९०० च्या सुमारास घडवला होता. थोड्या जागेत हवेशी अधिकाधिक स्पर्श, हे त्याचे सूत्र आज तुमच्या कॅबिनेटमध्ये आहे.

१२/ पंपाचेही तसेच. लोकप्रिय ‘डी ५’ पंप जर्मनीच्या लाइंग कंपनीच्या परंपरेतला. उष्ण पाणी फिरवण्याच्या कामातून तो संगणकात आला. त्याची कमाल मर्यादा साधारण ६० अंशांची मानली जाते. आपण ५० ची मर्यादा धरली, ती याच कारणाने. प्रवाहाचा अतिरेक मात्र नको. मिनिटाला ४ लिटर पाणी फिरत असेल, तर ५०० वॅट उष्णतेने ते एका फेरीत दोन अंशांनीही तापत नाही. म्हणून आधी प्रोसेसर की आधी ग्राफिक्स कार्ड, हा वाद निरर्थक आहे. ज्या क्रमाने नळी आखूड व सरळ राहील, तो क्रम योग्य.

१३/ रिझर्व्हायर म्हणजे पाण्याची छोटी टाकी. ती पंपाच्या वर का ठेवायची? यासाठी मराठवाड्यात जाऊ. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने खडकीसाठी, म्हणजे पुढील औरंगाबादेसाठी, भूमिगत नहर बांधली. मार्गात उभारलेल्या मनोऱ्यांमुळे पाण्याचा दाब आटोक्यात राही आणि कोंडलेली हवा निसटून जाई. हवा अडकली की प्रवाह अडखळतो, हे त्या कारागिरांना पक्के ठाऊक होते. तुमच्या लूपमधील हवेलाही बाहेर पडण्यास एक उंच जागा हवी. शिवाय पंप कोरडा चालला तर लवकर निकामी होतो.

१४/ फिटिंगवर ‘जी १/४’ असे कोरलेले असते. हा पाव इंच मोजायला गेलात तर गोंधळ होईल, कारण आट्यांचा बाहेरचा व्यास १३ मिलिमीटरांहून किंचित अधिक भरतो. जुन्या ब्रिटिश नळव्यवस्थेत माप नळाच्या पोकळीचे सांगत, आट्यांचे नव्हे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये ५५ अंशांच्या कोनाचे एकसारखे आटे सुचवले, आणि तोच कोन या फिटिंगमध्ये आजही टिकून आहे. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांचे ब्लॉक व फिटिंग एकमेकांत बसतात. नळीचा आतील व बाहेरील व्यास मात्र फिटिंगशी तंतोतंत जुळवून घ्यावा.

१५/ सर्वांत महाग पडणारी चूक धातूंची आहे. १७६१ मध्ये ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ नौकेच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी पाहतात तो लोखंडी खिळे कुरतडले गेलेले! खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जोडले गेले की त्यांची जणू बॅटरी तयार होते आणि दुबळा धातू झिजतो. हंफ्री डेव्हीने १८२४ मध्ये याचे विवेचन केले. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा स्वस्त रेडिएटर एका लूपमध्ये जोडणे, ही त्याच नौकेची पुनरावृत्ती आहे. तांबे, पितळ व निकेल यांचेच कुटुंब ठेवा.

१६/ नळी निवडताना पुन्हा आपला उन्हाळा आठवा. पेटजीची कडक नळी वाकवण्यास सोपी, परंतु ६० अंशांच्या जवळ ती मऊ पडू लागते आणि फिटिंगमधून निसटू शकते. ॲक्रिलिक याहून अधिक उष्णता सोसते. पहिल्याच प्रयत्नात मात्र ईपीडीएम रबराची काळी नळी सर्वांत निर्धोक : कात्रीने कापता येते, उष्णतेने ढिली पडत नाही आणि स्वस्त पारदर्शक नळीप्रमाणे कालांतराने पाण्यात चिकट अंश सोडत नाही. दिसायला साधी आहे, एवढाच तिचा दोष.

१७/ आणखी एक स्थानिक बाब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक प्रदूषणाचा निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. कोळशाची धूळ अंगणात येते, तशी रेडिएटरच्या पात्यांतही येते. म्हणून पाती फार दाट नसलेला रेडिएटर घ्यावा, पंख्यांपुढे धुता येणारी जाळी लावावी आणि उन्हाळ्यात ती दर पंधरवड्याला स्वच्छ करावी.

१८/ सारांश. क्रम असा ठेवा : आधी खोलीचे मे महिन्यातील तापमान मोजा, मग रेडिएटर, मग त्याला सामावणारे कॅबिनेट, मग एकाच धातुकुटुंबातील ब्लॉक, मग पंप व टाकी, आणि शेवटी नळ्या व फिटिंग. रंगीबेरंगी दिवे त्याहूनही शेवटी. सर्व जोडून झाल्यावर फक्त पंपाला वीज देऊन, सांध्यांखाली कागदी रुमाल अंथरून एक दिवस लूप चालवा. रुमाल कोरडा राहिला तरच संगणक सुरू करा. आणि एवढ्या खर्चाने मन कचरत असेल, तर चांगला एअर कूलर घेण्यात कमीपणा नाही. पंख्याच्या हवेलाही तोच न्यूटनचा नियम लागू आहे.

१९/ शेवटी एक आठवण. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या भागात गोंड राजवटीपासून हजारो तलाव बांधले गेले. कोहळी समाजाचे कौशल्य त्यात मोठे. जमीनदारी निर्मूलनानंतर ते सरकारकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच ‘मामा तलाव’ या नावाने ओळखले जाऊ लागले. पाळ, सांडवा, तुडूम हे त्यांचे सुटे भाग. ते ठरवताना कारागिराने दूरदेशीचा नव्हे, आपल्या गावचा पाऊस, उतार आणि माती पाहिली. आपल्या लूपचे भाग निवडतानाही गावचे ऊन आधी पाहावे, एवढेच सांगायचे होते.

तुमच्या गावी मामा तलाव आहे काय? त्याचे तुडूम अजून शाबूत आहे काय? छायाचित्रासह खाली जरूर लिहा. 🙏