आत्या, ट्रक आणि पाच व्होल्ट

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला रात्री दीड वाजता फोन आला की त्याच्या मनात पहिला विचार तिजोरीचा येतो. संध्याकाळी ती बंद करताना दुसरी किल्ली कुणी फिरवली होती? या विचाराने मला घाम फुटला असतानाच पलीकडून आवाज आला, "दादा, झोपला होतास का रे?"

रात्री दीडला हा प्रश्न फक्त अमेरिकेतला माणूस विचारू शकतो. फोन माझ्या आतेभावाचा होता. तिकडे दुपारचे तीन वाजले होते आणि टेक्ससच्या पश्चिमेला, फोर्ट स्टॉकटन नावाच्या गावाच्या अलीकडे, हमरस्त्याच्या कडेला तो ट्रक घेऊन उभा होता. ट्रकच्या मागे घर होतं. घरात आत्या चहा करत होती.

इथे थोडा खुलासा हवा. अमेरिकेत चाकांवरची घरं मिळतात. स्वयंपाकघर, न्हाणीघर, सोफा, सगळं आत. मोठ्या घराचं वजन आठ-नऊ टन भरतं. ते ओढायला साधी गाडी कुरकुरते, म्हणून काही हौशी लोक मालवाहतुकीतून निवृत्त झालेला अजस्र ट्रक स्वस्तात घेतात आणि त्याला घर जोडतात. आमच्या भावानेही लाखो मैल पळून थकलेला असाच एक ट्रक घेतला होता. घर ज्या तबकडीवर टेकतं तिला तिकडे 'पाचवं चाक' म्हणतात. ते चाक नव्हेच. घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून आडवी चकती बसवत, तिचं हे नाव. घोडे गेले, चकती राहिली. १९२८ साली ग्लेन कर्टिस या विमानवाल्या गृहस्थाने मोटारीमागे असं घर जोडलं तेव्हा सांध्यात चक्क हवा भरलेला टायर आडवा घातला होता. म्हणजे ही हौस तशी जुनी.

तर चढावर एकाएकी ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला. पाठोपाठ आणखी दोन दिवे लागले, इंजिनाची ताकद निम्मी झाली आणि मागून येणारे ट्रक भोंगे वाजवीत अंगावरून जाऊ लागले. भावाने कसाबसा ट्रक कडेला घेतला.

"सेन्सरचं काहीतरी झालंय, दादा."

मागून आत्याचा आवाज आला, "सेन्सॉरने अडवलं? अरे, पण आपण पिक्चर कुठे दाखवत होतो?"

आता बी.कॉम. झालेल्या माणसाला हा फोन का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. "आई म्हणाली, दादाला कळव," असं उत्तर आलं. आमच्या आत्याचा माझ्यावर विश्वास आहे. मिस्त्री यायला चार तास होते आणि माझी झोप गेलीच होती. त्या रात्री आणि नंतरच्या काही रविवारी मी जे वाचलं, ते खाली जमाखर्चासकट देतो.

इंजिनाच्या पोटातला दाब बाहेरून कसा कळावा, हा प्रश्न वाफेच्या इंजिनापासूनचा. उत्तर १८४९ साली पॅरिसच्या युजेन बुर्दों यांनी दिलं. सांगतात ते असं, की त्यांच्या कारखान्यात एक वेटोळी नळी चुकून चेपली. ती फुगवून सरळ करावी म्हणून एक टोक बंद करून त्यांनी आत दाबाने पाणी सोडलं, तर नळी फुगता फुगता उलगडायलाच लागली. जत्रेत मिळणारी कागदी पिपाणी आठवा. फुंकली की सुर्रकन सरळ होते, श्वास सोडला की पुन्हा वेटोळं. बुर्दोंनी त्या वेटोळ्याच्या टोकाला काटा जोडला आणि पेटंट घेतलं. दाब वाढला, नळी उलगडली, काटा सरकला. मध्ये वीज नाही, तार नाही, कुणाचा शेरा नाही. तेल स्वतः येऊन सांगतं, मी अमुक इतकं आहे. पूर्वी गावातला सावकार रोकड स्वतः मोजून घेत असे, तसा प्रकार.

तापमानाचंही तसंच. १९१२ साली अमेरिकेत बॉइस नावाच्या गृहस्थाने थर्मामीटरच रेडिएटरच्या टोपणावर उभा करण्याचं पेटंट घेतलं. ड्रायव्हर काचेतून बघायचा, पारा चढला की थांबायचा. पुढे १९३०च्या दशकात मोटारवाल्यांना वाटलं, काटे वाचण्याची तसदी लोकांना कशाला? काट्याऐवजी नुसता तांबडा दिवा. ड्रायव्हर मंडळींनी त्याचं जे इंग्रजी नाव ठेवलं, त्याचं सभ्य मराठी 'बावळटांचा दिवा' असं होईल. दिवा लागेपर्यंत काहीच कळत नाही आणि लागला की कळून उपयोग नसतो. आमच्या ऑफिसातल्या मेमोचंही हेच आहे.

ट्रकवाले मात्र काट्यांनाच धरून राहिले, आणि डिझेल इंजिनाला तशी विजेची गरजच नव्हती. त्यात ठिणगीची भानगड नाही. एकदा सुरू झालं की बॅटरी काढून घेतली तरी चालत राहणारं हे बेणं. १९३० च्या जानेवारीत क्लेसी कमिन्स या इंडियानाच्या माणसाने एका पॅकार्ड मोटारीत आपलं डिझेल इंजिन बसवलं आणि इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कचं मोटार प्रदर्शन गाठलं. सुमारे आठशे मैल, आणि इंधनाचा खर्च एक डॉलर अडतीस सेंट. हा आकडा वाचून माझ्यातला कॉमर्स ग्रॅज्युएट गहिवरला. त्या इंजिनावर इलेक्ट्रॉनिक पहारेकरी एकही नव्हता. पहाऱ्याला क्लेसीचा कान होता, नाक होतं आणि दांडीवरचा हात होता.

मग हे सगळं बिघडलं कुठे? माझं मत विचाराल तर लॉस एंजेलिसच्या आकाशात. तिथल्या धुरक्याने लोकांचे डोळे चुरचुरत. १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की मोटारींतून निघणारे वायू आणि ऊन यांच्या संगनमताने ते तयार होतं. १९७० साली हवा शुद्ध ठेवण्याचा कडक कायदा झाला आणि त्यावर देखरेखीला सरकारी संस्थाही आली. डिझेल किती, कुठल्या क्षणी फवारायचं याचा हिशेब आता इतका बारीक झाला, की तो लोखंडी दांड्यांना झेपेना. १९८५ साली डेट्रॉइट डिझेलने अवजड ट्रकच्या इंजिनाचा कारभार कॉम्प्युटरच्या हाती दिला. आमच्या बँकेत कॉम्प्युटर यायच्या आधी अमेरिकेतल्या ट्रकमध्ये आला, हे युनियनला बहुधा कळलं नसावं.

कॉम्प्युटर हुशार खरा, पण तो पडला पडदानशीन. इंजिनात काय चाललंय हे त्याला स्वतः दिसत नाही. कुणीतरी येऊन सांगावं लागतं. ते सांगणारे म्हणजे सेन्सर. ऑइलच्या दाबाची बातमी पूर्वी बुर्दोंची नळी देई, ती आता सिलिकॉनचा चिमुकला तुकडा देऊ लागला. सिलिकॉन दाबलं की त्याचा विजेला होणारा विरोध बदलतो, हे चार्ल्स स्मिथ यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलं होतं. त्या संशोधनाची पगारी नोकरी लागली ती अशी.

आणि इथे मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत देखणी गोष्ट सापडली. दाबाच्या सेन्सरला साधारण पाच व्होल्ट वीज देतात. दाब शून्य असेल तर तो शून्य व्होल्ट देत नाही, अर्धा व्होल्ट देतो. दाब भरपूर असेल तर साडेचार. दोन्ही बाजूंचा अर्धा अर्धा व्होल्ट मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो. कारण 'दाब शून्य आहे' असं साक्षीदाराने सांगणं वेगळं आणि साक्षीदाराची वाचाच जाणं वेगळं. शिल्लक शून्य असणं आणि खातंच सापडत नसणं, यात जो फरक आहे तोच. हा फरक ज्याला सुचला तो माणूस पूर्वजन्मी नक्की आमच्या खात्यातला असणार.

कॉम्प्युटर तक्रारीचा आकडा देतो त्यातही हा फरक नोंदवलेला असतो. ट्रकच्या जगात ऑइल प्रेशरचा नंबर शंभर. 'शंभर, एक' असं आलं तर साक्ष खरी आणि तेल खरोखर धोक्याच्या खाली. जागच्या जागी इंजिन बंद करायचं, नाहीतर काही मिनिटांत बेअरिंगं धरतात आणि ट्रक भंगारात. 'शंभर, चार' आलं तर सेन्सरच्या तारेत वीजच पोचत नाही. इंजिनाची प्रकृती ठणठणीत असू शकते, निरोप्या बेशुद्ध आहे. म्हणून अशा वेळी काटा काय म्हणतो यापेक्षा दुसरा आकडा काय आहे ते आधी बघायचं. आणि तो चार असला तरी तेलाची पट्टी ओढून पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. नुसत्या आकड्यावर विसंबून लाखांचा चेक पास करू नये.

मग निरोप्या बेशुद्ध असताना इंजिनाची ताकद का काढून घेतात? भावाचा हाच संतापाचा मुद्दा होता. मला तो फार टोचला, कारण नोव्हेंबर महिन्यात मी खिडकीच्या आत बसून नेमकं हेच करतो. पेन्शनरांचा हयातीचा दाखला पोचला नाही की पेन्शन थांबतं. एका वर्षी मला चौथीला गणित शिकवलेले सर समोर उभे राहिले. "अरे, मी जिवंत आहे हे तुला दिसतंय ना?" मी म्हणालो, "मला दिसतंय, सर. खात्याला दिसत नाही." सर काही बोलले नाहीत. काठी टेकत बाकावर जाऊन बसले. ती काठीची टकटक अजून ऐकू येते.

पण खात्याचीही बाजू असते. १९९८ साली अमेरिकेत सात इंजिन कंपन्यांना सरकारशी तडजोड करावी लागली. त्यांच्या इंजिनातला कॉम्प्युटर चाचणीच्या वेळी सोज्वळ वागे आणि हमरस्त्यावर लागला की तेल वाचवण्यासाठी विषारी वायू मोकाट सोडी, असा आरोप होता. नुसता दंडच आठ कोटी डॉलरच्या वर. ऑडिटर आला की सगळे वेळेवर जागेवर, हा प्रकार फक्त आपल्याकडे असतो असं मला वाटत होतं. त्यानंतर कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, असंच ठरल्यासारखं झालं. २०१०च्या नियमांनंतर धुराड्यात युरियाचं पाणी फवारू लागले. शेतात घालतात तोच युरिया, पण शुद्ध, पाण्यात साडेबत्तीस टक्के. त्यावर सेन्सरांचा पहारा. पाणी संपलं किंवा सेन्सर गप्प झाला, की ट्रकचा वेग टप्प्याटप्प्याने उतरवत शेवटी ताशी पाच मैलांवर. वरातीचा घोडा पुढे जाईल. ड्रायव्हर वर्षानुवर्षं ओरडत होते. शेवटी २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या सरकारने कंपन्यांना सांगितलं की जुन्या ट्रकांचे नियम सौम्य करा, आणि २०२७ पासूनचे नवे ट्रक असे एकाएकी बसकण मारणार नाहीत अशी सोय करा. साक्षीदार आजारी पडला म्हणून आरोपीला फाशी नको, इतकं समजायला पंधरा वर्षं लागली. आमच्या हेड ऑफिसच्या मानाने हे लवकरच म्हणायचं.

फोर्ट स्टॉकटनला मिस्त्री संध्याकाळी सातला पोचला. आकडा 'शंभर, चार' होता, हे भावाने मला आधीच कळवलं होतं. पण मिस्त्रीने त्याच्यावर विश्वास ठेवला नाही आणि स्वतःच्या मशीनवरही नाही. त्याने सेन्सर काढला आणि त्या भोकात पेटीतून काढलेलं पितळी, गोल, काट्याचं घड्याळ पिळून बसवलं. बुर्दोंची नळी! ट्रक सुरू केला. काटा वीसवर गेला, वेग वाढवल्यावर चाळीसवर. तेल स्वतः येऊन सांगत होतं की मी आहे.

मग खरा गुन्हेगार सापडला. तीन सेन्सरांना वीज एकाच तारेतून जात होती. चाळीत तीन बिऱ्हाडांना एक नळ असतो, तसं. त्यातल्या एकाची तार लोखंडी पट्टीला घासून घासून उघडी पडली होती. तिने सगळी वीज जमिनीला दिली आणि तिघांचेही नळ कोरडे पडले. असे घर ओढणारे ट्रक वर्षातले सहा महिने उभे असतात. तेवढ्यात तारा घासलेल्या विसरल्या जातात, जोडांवर हिरवा गंज चढतो, कधी उंदीर येऊन वेष्टण कुरतडतात. वीतभर तार बदलली, वर वेष्टण गुंडाळलं, दिवे गेले. तारेचे पैसे किरकोळ होते. येण्याजाण्याचं बिल किती झालं ते भावाने मला रुपयांत सांगितलं नाही, माझं वय लक्षात घेऊन.

आत्याने मिस्त्रीला चहा दिला. दूध नासलं नव्हतं.

भावाने नंतर तसंच एक पितळी घड्याळ विकत घेऊन ड्रायव्हरशेजारी कायमचं लावून घेतलं. आत्या अजून सहा आठवडे तिकडे आहे. त्या घड्याळासमोरची जागा तिने घेतली आहे आणि मुक्कामाला पोचली की मला फोन करते. पूर्वी ती जेवलास का विचारायची. आता आधी प्रेशर सांगते. काल अडतीस होतं.