पहारेकरी की बंदी?

पीठ चाळलं की चाळणीत तांबडा भुंगेरा उरतो. त्याच्या जनुकसंचाचा जवळजवळ तिसरा हिस्सा म्हणजे निव्वळ घोकंपट्टी: सुमारे ३६० अक्षरांचा एकच मजकूर, पुन्हा पुन्हा. असल्या मजकुराला इंग्रजीत ‘सॅटेलाइट डीएनए’ म्हणतात. आपण त्याचं ‘उपग्रह डीएनए’ करून मोकळे झालो.

आकाशाशी त्याचा काडीचा संबंध नाही. १९६१ साली उंदराचा डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात गरगरा फिरवला, तेव्हा मुख्य पट्ट्याशेजारी एक लहान पट्टा वेगळा तरंगताना दिसला. अक्षरांचं प्रमाण निराळं, म्हणून घनताही निराळी. मोठ्याच्या कडेला धाकटा उभा, तो सॅटेलाइट! नाव पडलं ते नळीतल्या जागेवरून. आज ती नळी फारसं कुणी वापरत नाही, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

मूळ लॅटिन ‘सॅटेलेस’ म्हणजे धन्याच्या मागेपुढे वावरणारा अंगरक्षक. केप्लरनं १६११ मध्ये गुरूच्या चंद्रांना हा शब्द लावला. आपला ‘उपग्रह’ त्याहून कितीतरी जुना, आणि गंमत अशी की अमरकोशात त्याचा एक अर्थ आहे ‘बंदी’. (वैयाकरण परस्मैपद-आत्मनेपदाच्या भेदालाही उपग्रहच म्हणतात, पण त्या रानात आज नको शिरायला.)

भुंगेऱ्याच्या डीएनएला मला हा अमरकोशातला अर्थच अधिक शोभेसा वाटतो. हा मजकूर गुणसूत्राच्या घट्ट आवळलेल्या भागात कोंडलेला असतो, आणि तिथून प्रतिलेखन होत नाही, म्हणजे आरएनएची नक्कल निघत नाही, असंच बरीच वर्षं शास्त्रज्ञ धरून चालले होते. पण भुंगेऱ्याला उष्णतेचा चटका दिला की या बंद्याला कंठ फुटतो. झाग्रेबच्या संशोधकांना २०१२ मध्ये दिसलं, की या नकलांपासून बारीक आरएनए तयार होतात आणि त्याच सुमारास त्या भागावर आवळून ठेवणाऱ्या रासायनिक खुणा वाढतात. बंद्यानंच आपल्या कोठडीचं कुलूप घट्ट करावं, तसला प्रकार.

डेंग्यूच्या डासात, एडिस इजिप्तायमध्ये, मात्र लॅटिन अर्थ जागा होतो. तिथल्या एका उपग्रह-मजकुरातून निघणारे बारीक आरएनए भ्रूणात आईकडून आलेले जुने आरएनए-निरोप वेचून नष्ट करतात. २०२० मध्ये हे काम अडवून पाहिलं, तर भ्रूणाची वाढच खुंटली.