हृदयाचे औषध आणि घरचा पहारा

हृदयाची शक्ती क्षीण होऊ लागली, की रोग्याला ते प्रथम आपल्या पायांवरून कळते. सायंकाळी घोटे सुजतात, बोटाने दाबले असता खळगा पडतो; पुढे रात्री उताणे झोपले की श्वास कोंडतो आणि उशीवर उशी रचावी लागते. आपल्याकडे चरकसंहितेत शोथाच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय आहे, आणि सुजेवर पुनर्नवा देण्याची चाल घरोघरी होती. युरोपातही या विकाराला जलशोथच म्हणत. त्याचे मूळ पुष्कळदा हृदयात असते, याचा उलगडा सावकाश झाला. असा रोगी अधिक बिघडला, की आज आपण त्याला तत्काळ रुग्णालयात हलवितो. परंतु या रोगावरील पहिले खरे प्रभावी औषध रुग्णालयाबाहेर, घरगुती बटव्यातून आले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात एका वृद्ध स्त्रीजवळ जलशोथावरचा गुप्त काढा होता. नामांकित वैद्यांनी हात टेकल्यावरही तिच्या काढ्याने कित्येकदा गुण येई. मात्र रोग्याला वांत्या आणि रेच यांनी हैराण व्हावे लागे. 1775 मध्ये डॉक्टर विल्यम विदरिंग यांना या काढ्याविषयी अभिप्राय विचारण्यात आला. त्यात वीस किंवा अधिक वनस्पती होत्या. विदरिंग हे वनस्पतिशास्त्राचे जाणकार. या गर्दीतील खरी गुणकारी वनस्पती फॉक्सग्लोव्ह, म्हणजेच डिजिटॅलिस, हीच असली पाहिजे, हे त्यांनी ताडले.

त्याच सुमारास ते बर्मिंगहॅमला आले. तेथे त्यांच्या आधीचे डॉक्टर स्मॉल रोज एक तास गरिबांना विनामूल्य सल्ला देत असत. विदरिंग यांनी तो परिपाठ शहरात रुग्णालय उघडेपर्यंत चालू ठेवला. वर्षाला दोन ते तीन हजार गरीब त्यांच्याकडे येत, औषध घेऊन घरी जात. याच लोकांवर त्यांनी नव्या औषधाचा अनुभव घेतला. प्रारंभी आपण मात्रा फार मोठी देत होतो, हे त्यांनी पुढे स्वतः मोकळेपणाने लिहिले आहे. 1785 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी बऱ्या झालेल्यांबरोबर न सुधारलेल्यांचीही हकीकत दिली. त्या ग्रंथाची थोरवी या प्रामाणिकपणात आहे.

त्यात यॉर्कशायरकडची एक गोष्ट येते. एका बाईने आपल्या दमेकरी नवऱ्याला बरे वाटावे म्हणून फॉक्सग्लोव्हची मूठभर हिरवी पाने उकळून तो काढा एका दमात पाजला. नवरा मरता मरता वाचला. तिला वनस्पती ठाऊक होती, मात्रा ठाऊक नव्हती. विदरिंग यांनी वाळलेल्या पानांची पूड एक ते तीन ग्रेन, दिवसातून दोनदा, इतक्यावर मात्रा आणली. आणि मूत्रपिंड, जठर, नाडी किंवा आतडी यांपैकी कोठेही परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे, असा नियम घातला. ही चिन्हे पाहण्यास अहोरात्र रोग्याजवळ कोण असणार? डॉक्टर नव्हे, घरचे माणूस. म्हणजे हे औषध घरच्या पहाऱ्याशिवाय देण्याजोगे नव्हतेच.

पुढे 1930 मध्ये डिजिटॅलिसच्या एका जातीपासून डिगॉक्सिन वेगळे काढले गेले आणि मात्रेला निश्चितता आली. 1950 नंतरच्या दशकात पोटात घेण्याजोगी, लघवी वाढविणारी प्रभावी औषधे मिळू लागली. 1997 मध्ये 6,800 रोग्यांवरील चाचणीत असे आढळले, की डिगॉक्सिनने मृत्यूंची संख्या कमी झाली नाही. मात्र हृदयविकार बळावून रुग्णालयात जावे लागण्याचे प्रसंग घटले.

त्यापूर्वीच, 1995 मध्ये, अमेरिकेतील सेंट लुईस येथील 282 वृद्ध रोग्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. निम्म्या रोग्यांना परिचारिकेच्या देखरेखीखाली आहार, औषधे व लक्षणे यांची नीट माहिती देण्यात आली, आणि घरी गेल्यावरही त्यांची विचारपूस चालू राहिली. नव्वद दिवसांत याच विकारासाठी त्यांना 24 वेळा पुन्हा दाखल करावे लागले. उरलेल्या निम्म्यांना 54 वेळा. नवे औषध यात कोणतेच नव्हते. 2022 मध्ये तर अमेरिकेत, अंगाला चिकटवून घरीच त्वचेखाली फ्युरोसेमाइड देणाऱ्या उपकरणालाही संमती मिळाली.

साधने बदलली, तरी रीत तीच राहिली आहे. रोज सकाळी वजन करावे; तीन दिवसांत ते दोन किलोंहून अधिक वाढले, तर सूज दिसण्यापूर्वीच डॉक्टरांना कळवावे आणि त्यांनी ठरवून दिल्याप्रमाणेच मात्रा बदलावी. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर मात्र घरी थांबणे धोक्याचे. तेथे रुग्णालयच हवे. यॉर्कशायरच्या त्या बाईचे प्रेम खरे होते, पण तिला मात्रा सांगणारे कोणी नव्हते. आज ती सांगता येते. ती प्रत्येक घरापर्यंत, गरिबाच्या घरापर्यंतही, पोहोचविणे हे काम अजून उरलेले आहे.